बाबांनी रुमाल टाकून धरलेली जागा

मंडळी, आज सकाळी मुंबईत आमच्या घराजवळच्या जेट्टीवरून नवी फेरीबोट सुरू झाली. बाबा रिटायर्ड, कुठे जायचं नव्हतं, तरी पहिल्या फेरीला हजर! मी इथे बंगळुरात, इंदिरानगरच्या ऑफिसात. त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

शेजारच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरलेली. मी विचारलं, "कोण येतंय?"

"अगं, तूच की!" म्हणाले आणि फोन त्या रुमालावर टेकवून खिडकीकडे वळवला. पाणी दिसलं. चार मिनिटांत रेंज गेली.

मग मेसेज आला: "एक गृहस्थ उभे होते, त्यांना जागा दिली. रागावू नकोस."

संध्याकाळी जयनगरच्या बसमध्ये मीही शेजारी रुमाल टाकला. का, ते विचारू नका. बस भरत गेली. एका अक्कांनी कन्नडमध्ये विचारलं, कोणी येणार आहे का?

सहा वर्षं झाली इथे येऊन. हो म्हणायला एकही नाव सुचलं नाही. "इल्ला अक्का, कूतकोळ्ळी," कोणी नाही, बसा, असं म्हणत रुमाल उचलला. त्या बसल्या.

खरं सांगा, तुम्ही राहता त्या शहरात तुमच्यासाठी जागा कोण धरतं?