होल्स्टरच्या आतलं नाव

त्या गृहस्थांचं नाव मला आजही माहीत नाही. राजधानीतल्या द्वारका भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा आजोबांचं लष्करी सामान विकायचं मी ठरवलं होतं. रिव्हॉल्व्हर कधीच सरकारजमा झालं होतं. उरलं होतं त्याचं चामडी होल्स्टर आणि एक पाण्याची बाटली. या दोन्हींची किंमत सांगायला हे जुन्या वस्तूंचे पारखी गृहस्थ आले होते. चहा घेतला, पण बसले नाहीत. खिडकीपासून टेबलापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. होल्स्टर हुंगलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि झाकण उलटून उन्हात धरलं. आत शाईनं लिहिलेलं पुसट नाव होतं. ते आजोबांचं नव्हतं.

“ये साहब कौन थे?” त्यांनी विचारलं. “दादाजी ने घर में कभी इनका नाम लिया था?”

“कभी नहीं,” मी म्हणालो.

“तो पहले घर में पूछ लीजिए. दाम बाद में बताऊँगा.” एवढं बोलून ते निघूनही गेले.

मला चैन पडेना. पुण्याला बाबांना फोन लावून ते नाव सांगितलं. ते म्हणाले, “हे नाव मी कधी ऐकलं नाही. पण लढाईवरून परतल्यापासून वर्षातून एक दिवस तुझे आजोबा जेवायचे नाहीत. का, ते आम्ही कधी विचारलंच नाही.”