होडीतला नवरदेव

माझं लग्न भर गंगेत, गुडघाभर पाण्यात अडलं.

गंगा म्हणजे गोदावरी. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. निजामी अमदानी होती आणि मी पाथरीच्या तहसील कचेरीत अहलकार होतो (म्हणजे कारकूनच, फक्त टोपी रुमी!). एकदा कोकणात गेलो असताना शिडाची छोटी लाकडी होडी पाहिली आणि वेडाच झालो. बैल नकोत, वैरण नको. वारा भरला की निघाली! परतल्यावर गावच्या सुताराकडून तशीच करवून घेतली. त्याने जन्मभर बैलगाड्याच केल्या होत्या. होडी झाली झकास, फक्त पुढे जू बांधायची सोय त्याने सवयीने ठेवली होती. शीड आईच्या जुन्या जांभळ्या लुगड्याचं.

सासुरवाडी पैलतीरावर. मी हट्ट धरला, लग्नाला होडीनेच जाणार!

"आरं, वैशाखात गंगेला पानी किती ऱ्हातंय?" वडील म्हणाले.

"डोहात भरपूर हाय!"

वऱ्हाड गाड्यांनी उथळ पाण्याच्या उतारावरून पार झालं. होडीत मी आणि मानपानाला लय कडक असलेले आमचे तात्याकाका. लुगड्यात वारा भरला आणि होडी अशी सुटली की काय सांगू! इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. पण टिकला डोह संपेपर्यंतच. मग होडी मधोमध वाळूत रुतली, आणि माझी रुमी टोपी मुंडावळ्यांसकट पुढे निघून गेली.

पैलतीरावरून सासरे ओरडले, "जावईबापू, उतरा खाली! गोरज मुहूर्त टळायलाय!"

मी धोतर खोचलं. काकांनी दंड धरला. "खबरदार! सीमांतपूजन झाल्याबिगर नवरदेवाचा पाय खाली लागणार न्हाई! व्याही, शिवेवर या अन् पाय धुवा!"

"आमची शीव काठालाच संपती!"

"गंगेच्या मधी हाय! तुमीच या!"

गुरं पाणी पिऊन घराकडे वळली. मुलगी मला मनापासून आवडली होती. आणि सासऱ्यांची मुद्रा अशी, की पुढचा मुहूर्त ते दुसऱ्याच जावयासाठी काढतील!

शेवटी तेच बिचारे तबक डोक्यावर धरून पाण्यात उतरले. होडीशी येऊन माझे पाय धुतले (पाण्याला तोटा नव्हताच).

"झालं? आता तरी उतरा!"

"मांडवापर्यंत वाहन द्या!" काका म्हणाले.

सासऱ्यांनी दात-ओठ खात एका गाडीचे बैल सोडवून आणले आणि होडीला जुंपले. सुताराची सवय अशी कामाला आली! वाळूतून, काठावरून, गल्लीतून शीड फडकवत मी थेट मांडवाच्या दारात पोचलो. भटजींनी मंगलाष्टकं एका दमात उरकली. अंतरपाट सरला तेव्हा नवरी हसू दाबत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "परतताना होडीनं जायचं?"

"तुमी या होडीनं. मी गाडीनं पुढं जाऊन सैपाक करून ठिवते."

होडी अजून आमच्या गोठ्याशेजारी आहे. तिच्यात कडबा भरतात. संध्याकाळी वारा सुटला की मी जाऊन बसतो. शीड नाही, पाणी नाही, तरी वाटतं, आता सुटणार! तेवढ्यात घरातून हाक येते, "अहो, उतरा आता, पोचलात!"

मी मुकाट्याने धोतर खोचून गुडघाभर कडब्यातून उतरतो. पाय धुवायला मात्र आता कुणी येत नाही.