सुनेची सोनेरी धूळ

आमच्या सुनेला ऑफिसात सगळे ‘धूळवाली’ म्हणतात. तिचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. चुकलो तर ती चूक माझी समजावी.

ती जाहिरातींसाठी संगणकावर हलती चित्रं करते. दागिन्यांच्या जाहिरातीत अंधारातून सोनेरी कण तरंगत येतात आणि त्यांची अंगठी होते ना, ते कण ती उडवते. पडद्यावर न दिसणारी एक तोटी ठेवायची आणि तिच्यातून कण सोडायचे. मग त्यांना आकार द्यायचा, वजन द्यायचं, वारा लावायचा. आयुष्यसुद्धा द्यावं लागतं. ते संपलं की कण विझतो. सॉफ्टवेअरमध्ये तयार कणही मिळतात, पण ते पीठ सांडल्यासारखे दिसतात. हिचे मात्र उन्हाच्या तिरिपेत तरंगावेत तसे तरंगतात.

खरं तर तिला हे करायचंच नव्हतं. तिने नोकरी धरली ती लहान मुलांच्या कार्टूनसाठी माणसं आणि प्राणी काढायला. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारा सासरा तिने असा काढला होता, की पाहुणे हसून बेजार झाले. पण चित्रविभागात जागा नव्हती म्हणून साहेबांनी तिला तात्पुरतं कणांवर बसवलं, आणि ते तात्पुरतं काही संपेना.

यंदा तिथली एक खुर्ची रिकामी झाली. साहेब म्हणाले, तुझी धूळ दुसऱ्या कुणाला जमली की खुशाल जा. तिने शेजारच्या टेबलावरच्या लंबूला हाताशी धरून शिकवलं. त्याचा गोंधळ होऊ नये म्हणून अवघड आकडे आत लपवले आणि वर फक्त सरकवायच्या पट्ट्या ठेवल्या. पोरगा मन लावून शिकला. दागिनेवाल्यांनी त्याचं काम पाहिलं आणि म्हणाले, आम्हाला बाईंचाच हात हवा.

तेव्हा हिने आपणच काम बिघडवायचं ठरवलं. कण जाडे केले, त्यांचं आयुष्य निम्म्यावर आणलं, वजनाच्या आकड्याआधी उणे चिन्ह टाकलं. त्यामुळे कण खाली बसायच्या ऐवजी वर उडू लागले आणि अंगठी जमता जमता विरून जाऊ लागली. जेवताना तिने ते आम्हाला दाखवलं.

मुलगा म्हणाला, “अगं, हे बघून खुर्ची राहिली बाजूला, तुला घरचा रस्ता दाखवतील.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

दागिनेवाले बेहद्द खूश झाले. असं कुणी केलंच नव्हतं म्हणे. आता पुढच्या सगळ्या जाहिराती याच धर्तीवर हव्यात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चित्रविभागातली खुर्ची लंबूला मिळाली. त्याला धूळ जमत नव्हती, तेव्हा त्याला सोडायला साहेबांची हरकत असायचं कारणच नव्हतं. हिला बढती मिळाली, स्वतंत्र खोली मिळाली. नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले आणि तिने ते सगळे नीट घेतले.

सरळ नाही म्हणून सांग की, असं मुलाने सुचवून पाहिलं.

“काय सांगू? माझं फार कौतुक करता, ते थांबवा म्हणू?” ती म्हणाली.



परवा ती मोबाइल घरी विसरली, म्हणून मी तो द्यायला गेलो. वाटेत चित्रविभाग लागला. लंबू हत्ती काढत बसला होता. तिच्या खोलीच्या भिंती राखाडी होत्या आणि खिडकीवर काळं कापड ठोकलेलं होतं. बाहेरचा उजेड पडला की पडद्यावरचे रंग खोटे दिसतात, म्हणून. मोबाइल ठेवला आणि म्हटलं, लंबूचा हत्ती डुकरासारखा झालाय.

ती खुदकन हसली. मग पुन्हा पडद्याकडे वळली.

“बाबा,” ती म्हणाली, “जाताना दार ओढून घ्या. उजेड येतोय.”

मी दार ओढून घेतलं.