उसवायला येणाऱ्या मावशी

आपण शिवून दिलेला कपडा उसवायला स्वतःहून घरी येणारी शिंपीण मी आयुष्यात एकच पाहिली. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीतल्या चंद्रभागामावशी. लुगड्यावर गुडघ्यापर्यंतचा ढगळ डगला, त्याच्या खिशात कात्री, आणि अंगभर चिकटलेले दोऱ्यांचे तुकडे. बायका चेष्टा करायच्या, "मावशी, डॉक्टरीण झाल्या का?" त्या म्हणत, "हाव ना, कापडाची. दाखव कुठं दुखते तं!"

त्यांची खासियत म्हणजे स्मॉकिंगचे फ्रॉक. कापडाला बारीक चुण्या घालायच्या आणि रंगीत टाक्यांनी त्या छातीवर बांधून टाकायच्या. पोर वाढलं की मावशी येऊन टाक्यांची एक ओळ उसवत; चुण्या सुटत, फ्रॉक सैल होई. "कपड्यानं पोराच्या मांगं नाई राहावं," असं त्यांचं म्हणणं.

सत्तर सालाच्या सुमारास माझी नंदा झाली, दिवस भरायच्या आधीच. एवढीशी, की रडायचंही त्राण नव्हतं. सासूबाईंनी तिला जुन्या धडुत्यात गुंडाळलं आणि बजावलं, पोरगी जीव धरेपर्यंत अंगाला नवं कापड लावायचं नाही. घरात तिच्या पुढच्या दिवसांचं कुणी बोलेना. मी तर पार खचले होते.

मावशी आल्या त्या पिवळ्या पॉपलिनचा फ्रॉक घेऊनच. चुण्या अशा दाट, की मधलं कापड दिसेना.

"काहून रडून राहिली वं? हा फ्रॉक शाळेत जायच्या मापाचा हाय. शेवटची ओळ उसवेपर्यंत इले तो घालावा लागते."

सासूबाई कडाडल्या, "दृष्ट लागन ना बाई पोरीले!"

"मंग घालू नका. खुंटीवर टांगा. पोरीले दिसू तर द्या किती वाढाचं हाय ते!"

फ्रॉक टांगला. बघायला येणाऱ्या बायका उसासे टाकायच्या सोडून टाके बघू लागल्या, आणि मलाही जरा हायसं वाटलं. पुढे नंदाने बाळसं धरलं, तेव्हा सासूबाईंनीच हौसेने तो तिला घातला. मग दर वाढदिवसाला मावशी हजर. एक ओळ उसवायची, खालची एक दुमड सोडायची आणि वाटीभर शिरा खायचा.

नंदा शाळेत निघाली त्या सकाळी त्यांनी शेवटची ओळ उसवली. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला तेव्हाच खात्री होती ना?"

"कायची खात्री वं? घरी जाऊन लय रडली मी. पन तुह्यासमोर लहान फ्रॉक कसा आनू?"

मावशींनी नंदाची पाठ थोपटली.

"जाय पोरी. माह्यं कापड सरलं. आता तू आपली वाढत राय."