नंबर नसलेली होडी

आजही कुणी माझ्यासमोर ‘डेटा स्वच्छ केला’ असं म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. स्वच्छ केला म्हणे! खरकटं होतं काय ते?

मालवणच्या किनाऱ्यावर कुठे, केव्हा, किती मासळी मिळते याची नोंद ठेवणारा एक संशोधन प्रकल्प होता. त्याचा डेटाबेस मी बांधला. मी इथलीच, कॉम्प्युटर शिकून परत आलेली, त्यामुळे साहेबांची दुहेरी सोय. साहेब, म्हणजे प्रकल्पप्रमुख, पुण्यात बसत. किनाऱ्यावर ते दोनदा आले, दोन्ही वेळा तारकर्लीला उतरले आणि सुरमई छान होती असं सांगून गेले.

रचना त्यांनीच आखून पाठवली होती. एका टेबलात नौका, दुसऱ्यात मासळी. मासळीची प्रत्येक नोंद कुठल्या तरी नौकेला जोडलेली हवी आणि नौकेला नोंदणी क्रमांक हवाच. तो रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर नोंद घेतच नाही. ट्रॉलरवाल्यांना हे ठीक. पण आमच्याकडे रापण आहे. होडीतून लांबच लांब जाळं अर्धगोलात समुद्रात सोडायचं आणि मग चाळीसेक माणसांनी वाळूत उभं राहून त्याची दोन्ही टोकं ओढायची. जे मिळेल त्याचे वाटे सगळ्यांत होतात. वल्ह्याच्या त्या होडीला नंबर नव्हता, आणि मासळी तिची नव्हतीच, ओढणाऱ्यांची होती.

मी फोन करून साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, अपवादासाठी स्ट्रक्चर बदलायचं नसतं.” अपवाद! ज्या रापणीवर माझं अख्खं आजोळ जगलं, ती अपवाद. तिथेच भांडायला हवं होतं. मी काय केलं, तर पळवाट काढली. एक खोटी नौका तयार केली, क्रमांकाच्या जागी नुसतं शून्य टाकलं आणि रापणीची सगळी मासळी तिच्या नावावर चढवली. वर आणखी शहाणपणा म्हणजे, एखादी नौका पुसली तर तिला जोडलेल्या सगळ्या नोंदीही आपोआप पुसल्या जाव्यात, अशी सोय करून ठेवली. तेव्हा ती फार नीटनेटकी वाटली होती.

नोंदी माझा मामा द्यायचा. रापणीत त्याचा शब्द चालायचा. चार वर्षं, जाळं ओढून झालं की ओल्या हातानेच फोन करून टोपल्या सांगायचा. बांगडे इतके, पेडवे इतके. काहीच लागलं नाही तर तेही सांगायचा, “आज जाळा रिकामा इला गो. तसाच लिही.” त्याला एवढंच हवं होतं की आपला किनारा आपल्याकडे राहावा. कुठला पट्टा मासेमारीला राखायचा आणि कुठला पर्यटकांच्या तंबूंना द्यायचा, हे आमच्या अहवालावरून ठरणार होतं. रापण ओढायला मोकळी वाळू लागते. तंबू ठोकले की संपलं.

अहवालाच्या तोंडावर साहेबांना डेटा ‘स्वच्छ’ करायची हुक्की आली. मी दोन दिवस दोडामार्गला गेले होते. मला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पुण्याहून एक आज्ञा दिली गेली: वैध क्रमांक नसलेल्या नौका पुसा. शून्य गेलं, आणि त्याच्यामागून रापणीची चार वर्षं गेली. कॉम्प्युटरने साधी कुरकुर केली नाही, कारण कुरकुर करू नकोस असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं.

मला कळलं तोवर अहवाल छापून गेला होता. नकाशात आमचा पट्टा पांढराफटक. बॅकअप होता. एका दुपारात मी सगळ्या नोंदी परत आणल्या आणि रापणीला तिचं स्वतःचं टेबल दिलं, जे पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं. साहेबांना कळवलं, तर उत्तर आलं, “उत्तम काम. पुढच्या आवृत्तीत घेऊ.” डोक्यात अशी तिडीक गेली की मी फोन फेकला. तोही पलंगावर, जमिनीवर आपटायची हिंमत नव्हती.

पट्टे ठरवायची बैठक मालवणात झाली. साहेब आलेच नाहीत. अधिकाऱ्यांनी वाचलं, “या पट्ट्यात मासेमारीची नोंद नाही.” मामा उठला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ऑफिसातली मराठी जुळवत म्हणाला, “साहेब, आम्ही तिथेच रापण ओढतो. हिला विचारा.” सगळे माझ्याकडे वळले. नोंदी आहेत, मधे पुसल्या गेल्या होत्या, चूक आमची आहे, माझी आहे, असं मी भर सभेत सांगितलं. अधिकारी अगदी सौम्यपणे म्हणाले, “लेखी द्या. फेरविचारात घेऊ.” आणि त्यांनी पुढचा पट्टा वाचायला घेतला.

मी लेखी दिलं. फेरविचार अजून व्हायचाय. तंबूंचे खांब मात्र आठवड्याभरात उभे राहिले.

खांब उभे राहिले त्या संध्याकाळी मी मामाकडे गेले, एकही टोपली हरवलेली नाही हे दाखवायला. त्याने चष्मा लावला आणि लॅपटॉपवर सगळं सावकाश वाचलं.

“बरोबर आसा सगळा,” तो म्हणाला. “आता माका एकच सांग गो. सकाळी चाळीस माणसा येतली. रापण घालूची खंय?”

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो खरोखरच जागा विचारत होता.