छावणीत जागा नव्हती त्या वर्षीचा नाताळ

घाटनांदूरच्या पुढे आमचं गाव. त्या वर्षी गावच्या सोसायटीने जनावरांची छावणी चालवायला घेतली, आणि मी सोसायटीचा क्लार्क असल्यामुळे छावणीचं रजिस्टर माझ्याकडे आलं. सहाशे मोठ्या जनावरांची मंजुरी होती. दोन लहान मिळून एक मोठं धरायचं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाचशे चौऱ्याऐंशी मोठी आणि बत्तीस लहान झाली, म्हणजे मंजुरी भरली. त्यानंतरचे अर्ज मी वेगळ्या कागदावर क्रमाने लिहायला लागलो. चोवीस तारखेपर्यंत त्या कागदावर एकतीस नावं होती.

आमची ख्रिस्ती मंडळी चौदा घरांची. त्यांतली नऊ घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली. आमच्याकडे नाताळ कायम असाच असतो, अर्धीअधिक मंडळी कुठल्यातरी कारखान्याच्या फडात आणि उरलेली पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात. छावणीत चारा म्हणून उसाच्याच कांड्या येत होत्या. आमच्या माणसांनी तोडलेला ऊस आमच्याच गावची जनावरं खात होती, असंही झालं असेल.

मी मंडळीचा पंचही होतो. सोसायटीत मात्र माझ्या समाजाचा मी एकटाच. महिन्याच्या सुरुवातीला चेअरमन छावणीत आले होते. तंबाखू मळता मळता त्यांनी विचारलं, "क्लार्कसाहेब, ह्याच्यात तुमच्या मंडळीची जनावरं किती हायती?"

"अकरा," मी म्हणालो. रजिस्टर उघडावं लागलं नाही.

"अकराच? बरं. मोजून ठिवा. लोकं इचारतेत."

ते हसत होते आणि त्यांच्या मनात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्या दिवसापासून तो अकराचा आकडा मी डोक्यात वेगळा ठेवला. तो वाढू नये याची मला काळजी लागली. आपल्या माणसांना आत घेतलं, असं कुणी म्हणू नये म्हणून मी आपल्या माणसांशी इतरांपेक्षा कडक वागत होतो आणि त्याला प्रामाणिकपणा समजत होतो.

चोवीस तारखेला दुपारी बाराच्या सुमारास माझी आत्या फाटकाशी आली. वडिलांची धाकटी बहीण. चार किलोमीटरवरच्या वस्तीवर तिचं घर. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरी ती आणि एक दुभती गाय. गायीला दोरी होती, वासरू मोकळंच मागे मागे आलं होतं.

"सलाम, बाबा," ती म्हणाली.

"सलाम. आत्या, एवढ्या उन्हाचं कावून आलीस?"

"कडबा सरला. दोन महिने पुरविला. म्हणलं आता तुज्याकडं आणावं."

फाटकाजवळ चाऱ्याच्या वजनाला चार-पाच जण बसले होते. त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "आता बघू बे, आत्याला तरी घेतो का न्हाई."

"घेतंय की. सण हाय त्यांचा उद्या."

ते हसले. ते हसले नसते तर मी वेगळं वागलो असतो का, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. नसतो वागलो, असंच वाटतं.

"आत्या, जागा न्हाई," मी म्हणालो.

"एक गाय हाय रे. वासरू तर मांडीएवढं हाय."

"तुझा बत्तिसावा नंबर लावतो. मंजुरी वाढली की घेतो."

"कवा वाढंल?"

"तहसीलचं काम हाय. सांगता येत न्हाई."

तिने त्या चार-पाच जणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लिव," ती म्हणाली. मी कागदावर तिचं नाव लिहिलं. ती लिंबाखाली थोडा वेळ टेकली आणि गाय घेऊन आल्या वाटेने निघाली. जाताना तिने गयावया केली नाही. केली असती तर मला राग आला असता आणि ते मला सोपं गेलं असतं.

पंचवीस तारखेला सकाळी आठची हजेरी घेत होतो. छावणीला सुट्टी नसते. तिच्या वस्तीवरचा एक माणूस दावणीत उभा होता. त्याने सांगितलं, "तुमच्या आत्याची गाय गेली."

परतताना वाटेत गायीने हिसडा मारून दोरी सोडवून घेतली होती आणि ती कडेच्या ज्वारीत शिरली होती. पाण्यावाचून गुडघ्याएवढीच राहिलेली ज्वारी. असल्या खुरट्या ज्वारीचा कोवळा फुटवा जनावराला विषासारखा लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आत्यालाही होतं. पण उपाशी गाय तिला आवरली नाही. अर्ध्या तासात गायीचे पाय लटपटले आणि ती आडवी झाली. डॉक्टर घाटनांदूरहून येईपर्यंत संपलं होतं. वासराने ज्वारीला तोंड लावलं नव्हतं, ते वाचलं.

मी हजेरी पुरी केली. सहाशे. मग घरी जाऊन अंघोळ केली आणि दहा वाजता उपासनेला गेलो.

आत्या आली होती. बायकांच्या बाजूला पहिल्याच सतरंजीवर बसली होती. त्या दिवशी आम्ही सगळे मिळून एकोणीस माणसं होतो. पाळकसाहेब अंबाजोगाईहून एसटीने आले होते. वयस्क माणूस, आवाज बारीक. त्यांना गावातलं काही माहीत नव्हतं.

जन्माचा शास्त्रपाठ दरवर्षी मीच वाचतो. बाळाला गव्हाणीत ठेवलं, कारण उतरायला जागा नव्हती, त्या ओळीवर मी अडखळलो नाही. सवयीने वाचत गेलो. खाली बसल्यावर ती ओळ पुन्हा मनात आली. आमच्या नाताळच्या नाटकात एक धर्मशाळेचा मालक असतो, तो दार लावून घेतो आणि पोरं त्याला हसतात. पण पाठात तो मालक कुठेच नाही. कोणी नाही म्हटलं, कोणाला वाईट वाटलं, काही लिहिलेलं नाही. जागा नव्हती, एवढंच. सोसायटीच्या पत्रातही आम्ही असंच लिहितो: जागा उपलब्ध नाही. ते वाक्य लिहिणारा त्यात दिसत नाही.

पाळकसाहेब त्या दिवशी आनंदावर फारसं बोलले नाहीत. दुष्काळ आहे, अर्धी मंडळी बाहेर आहे, असं म्हणून ते नावनिशीवर आले. बादशहाचा हुकूम झाला म्हणून सगळी माणसं आपापल्या गावी नाव लिहायला निघाली होती. येशूचा जन्म त्या गर्दीत झाला. ते म्हणाले, "ज्याचं मोजमाप होत नाही तो देव एका कारकुनाच्या वहीत एक माणूस म्हणून धरला गेला. आपण देहधारण म्हणतो ते हेच. त्याने वरून मदत पाठवली नाही. तो स्वतः आला, आणि मोजणारांच्या बाजूला आला नाही; मोजले जाणारांच्या रांगेत येऊन उभा राहिला."

चाळीस वर्षं मी नाताळ पाळत आलो होतो. देव माणूस झाला हे मला पाठ होतं. तो झाला तेव्हा कोणत्या बाजूला उभा राहिला, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. ते खरं असेल तर आदल्या दिवशी दुपारी तो फाटकाच्या बाहेर होता आणि मी आत होतो.

मग प्रभुभोजन झालं. आमच्यात भाकरीचं ताट पंच फिरवतो. आणि आमच्यात अशीही रीत आहे की बसलेल्यांपैकी कोणाशी मन दुखावलेलं असेल तर ते मिटेपर्यंत माणूस ताटाला हात लावत नाही. मी आत्यापुढे ताट धरलं. तिने हात मांडीवरच ठेवले. मी क्षणभर थांबलो. तिने मान हलवून ताट पुढे न्यायला सांगितलं. हे एकोणीस माणसांनी पाहिलं. शेवटी ताट टेबलावर ठेवलं तेव्हा पाळकसाहेबांनी मला माझा तुकडा दिला. मीही घेतला नाही.

उपासना संपल्यावर बायकांनी चहा आणि थोड्या करंज्या वाटल्या. आत्या बाहेर भिंतीच्या सावलीत उभी होती. मी गेलो.

"आत्या, माझ्या घरची गाय घेऊन जा," मी म्हणालो. "आजच."

"मला तुजी गाय नको."

"मग काय करू, सांग."

"माजी मोजायची व्हती."

"एकतीस नावं होती तुझ्या आधी. त्यांना डावलून तुला कसं घेऊ?"

"मी कुटं म्हणलं त्यान्ला डावल?" ती म्हणाली. "तुजे दोन बैल हायती की आत."

माझे दोन बैल पहिल्याच दिवशी रीतसर अर्जाने आत आले होते. आपलं एक जनावर काढून त्या जागी नातेवाइकाचं देण्याची सोय नियमात होती. असे बदल मी लोकांना चार वेळा करून दिले होते, स्वतःच्या हाताने रजिस्टरात लिहिले होते. आत्याची गाय आणि वासरू मिळून दीड. माझे बैल दोन. ही बेरीज मला चोवीस तारखेला सुचली नाही. शिकलेला माणूस मी, दिवसभर तेच करतो, आणि ती मला जिने शाळा पाहिली नाही तिने सांगितली.

"तवा कावून बोलली न्हाईस?" मी विचारलं.

"लोकं बसलेली. तुला खाली बघाया लागलं असतं."

ती वस्तीकडे गेली. मी छावणीत गेलो, एक बैल दावणीतून सोडला, त्याच्या कानातला नंबराचा बिल्ला काढला, बैल बाहेर गेल्याची नोंद केली आणि त्याला घरी नेऊन बांधलं. घरी कडबा थोडाच होता. फेब्रुवारीत तो बैल बसला आणि पुन्हा उठला नाही.

बैल सोडला त्याच दुपारी एका माणसाबरोबर मी आत्याला निरोप पाठवला होता, जागा झाली, वासरू घेऊन ये. चारच्या हजेरीला ती वासरू घेऊन आली. मी फाटक उघडायला उठलो, पण ती सरळ आत आली नाही. चाऱ्याच्या वजनासाठी माणसं रांगेत होती, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. सहा माणसं पुढे होती. कालचा तो बोलणारा माणूस त्यांच्यात होता. "मावशी, व्हा पुढं," तो म्हणाला. ती हलली नाही.

तिची पाळी आली. मी रजिस्टरात तिचं नाव लिहिलं, लहान जनावर एक. वासराच्या कानात बिल्ला ठोकताना तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं. वासरू ओरडलं. आईविना त्याची पहिलीच रात्र गेली होती. त्याला चारा चावता येत नव्हता, दूध बाहेरून आणून पाजावं लागणार होतं.

मी तिच्याशी बोलायचं म्हणून तोंड उघडलं. तिने माझ्याकडे न बघता दोरी मनगटाला गुंडाळली.

"कंच्या दावणीला बांधू?" तिने विचारलं.

"सातव्या," मी म्हणालो. ती आत गेली.