त्यांना कळत नाही, असं म्हणा

पेढा फरशीवर पडला होता. प्रेस मशीनपाशी, जिथं बारा महिने तेल सांडलेलं असतं, तिथं. साहेबानं बोटानं दाखवला आणि मला म्हणाला, "पोरीला वळण लावलं नाहीस ना? मग तूच खा."

मी वाकले. उचलला. खाल्ला.

आजूबाजूला सगळी कंपनी उभी होती. तेलाची चव जिभेवर कितीतरी वेळ राहिली. चहा प्याले, चूळ भरली, तरी जाईना.

खंडेनवमीचा दिवस होता तो. आमच्या चाकणच्या पट्ट्यात त्या दिवशी मशीनींची पूजा असते. एरवी ज्यांना कुणी धड फडकं मारत नाही, त्यांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. कामगारांनी घरच्यांना घेऊन यायचं. आणि साहेब, म्हणजे कंपनीचा मालक, स्वतःच्या हातानं एकेकाच्या तोंडात पेढा घालणार. मागं फोटोवाला. पूर्वी मी साहेबाला 'ते' म्हणायचे. आता 'तो' म्हणते, ज्याला खटकेल त्याला खटको.

मी तिथं कॅन्टीनला होते, ठेकेदाराकडून. माझी कोमल माझ्याबरोबर यायची. एकोणीस वर्षांची पोर. धुतलेली ताटं कोरड्या फडक्यानं पुसून रचायची, हे तिचं काम. मन लावून करायची. कोमल कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. परक्याचा हात तोंडाजवळ आला की अंग चोरते. आवाज जास्त झाला की कानाजवळ बोटं चोळत राहते. आणि जे दिसतं ते बोलते. त्या दिवशी साहेब मशीनींना कुंकू लावत लावत आला होता, हात तेलानं काळा झालेला. त्यानं पेढा तिच्या ओठाला लावला. कोमल म्हणाली, "हाताला तेल आहे. नको."

खरं होतं की. सगळ्यांनाच दिसत होतं. त्यानं पुन्हा जोरानं लावला. तिनं मान झटकली आणि पेढा खाली पडला.

मी माझं नेहमीचं वाक्य लगेच बोलले होते. "तिला कळत नाही साहेब, माफ करा."

हे वाक्य माझ्या तोंडात कधीपासून आहे, सांगता यायचं नाही. बसमध्ये बोलले. शाळेत बाईंपुढं बोलले, तरी त्यांनी तिचं नाव काढूनच टाकलं. हळदीकुंकवाला बोलले, लग्नात बोलले, मयतीलासुद्धा बोलले. निघोज्यात आमचं घर जुनं, गावात सगळी भावकी. भावकीत तोंड चुकवता येत नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी एकदा मला बसवून नीट समजावलं होतं. म्हणाल्या, हा आजार नाही, तिची घडणच अशी आहे, ह्याला ऑटिझम म्हणतात, तुमची काही चूक नाही. 'तुमची काही चूक नाही' हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी म्हणालं. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी ढसाढसा रडले. घरी येऊन सासूबाईंना तो शब्द सांगितला. त्या म्हणाल्या, "इंग्रजी नाव दिलं म्हंजी वळण लागतं व्हय?"

वळण. ह्या शब्दानं माझा जन्म खाल्ला.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. तिसऱ्या दिवशी ठेकेदारानं सांगितलं, पोरीला आणू नको. मला ठेवलं. का ठेवलं? माझ्यासारख्या पोळ्या लाटणारी त्याला तेवढ्या पगारात मिळत नव्हती, म्हणून. नवरा टेम्पो चालवतो, पहाटे जातो. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मग कोमलला घरात ठेवायचे आणि बाहेरून कडी लावून जायचे. कडी लागली की ती आतून दारावर हात आपटायची. आधी जोरात, मग हळू. हातात फडकं घेऊन दाराशी उभी राहायची. संध्याकाळी दार उघडलं की तिथंच सापडायची. पोटच्या पोरीला मी कुलपात ठेवत होते, आणि शेजारच्या बायका म्हणायच्या, बरं झालं, आता सुखरूप राहील.

साहेब मात्र वाढत गेला. सत्कार, उद्घाटनं, चौकाचौकांत फ्लेक्स. निवडणुकीला उभा राहणार म्हणून बोलबाला. अशातच एका शाळेच्या कार्यक्रमातला व्हिडिओ फिरला. एक निवृत्त शिक्षिका, म्हातारी बाई, त्याला शाल घालायला पुढं आली. तिचे हात थरथरत होते, वेळ लागत होता. ह्यानं शाल हिसकावली, तिच्याच अंगावर फेकली आणि म्हणाला, "आवरा आता. मरायला टेकलात तरी हौस."

दोन दिवस सगळे थुंकले त्याच्या नावानं. मलाही वाटलं, चला, लोकांना दिसला तर खरा कसा आहे तो.

तिसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या टीव्हीवर जेवणाच्या सुट्टीत चर्चा लागली. खाली मोठ्या अक्षरात पट्टी: साहेबांना ऑटिझम तर नाही ना? मी हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. चष्मेवाला एक जण सांगत होता, फार हुशार माणसांचं असं असतं, त्यांना दुसऱ्याच्या भावना वाचता येत नाहीत, जगातल्या कितीतरी मोठ्या लोकांचं असंच आहे. दुसरी बाई म्हणाली, त्यांचा फटकळपणा आपण समजून घ्यायला हवा, समाज म्हणून आपण कमी पडतो. ह्यांच्यातलं कुणी साहेबाला भेटलं तरी होतं का? तपासलं होतं का? त्याचं नाव नाही. नुसते तर्क चालले होते.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरं वाटलं. माझ्या पोरीचा शब्द टीव्हीवर आला होता. आता लोकांना कळेल, असं वाटलं. वेडी आशा, दुसरं काय.

रझियाभाभी माझ्या शेजारी वाढायला असायची, तिच्या नवऱ्याचं भोसरीला गॅरेज आहे. ती हळूच म्हणाली, साहेबाचं आणि आपल्या कोमलचं एकच निघालं की गं.

एकच? मी साहेबाला जवळून पाहिलेलं आहे. वाढणाऱ्या बाईकडं कुणी बघत नाही, पण ती सगळ्यांकडं बघत असते. बाहेरदेशीचं गिऱ्हाईक आलं की हाच साहेब कमरेत वाकतो. मंत्री आला तेव्हा ह्यानं स्वतः खुर्ची ओढून दिली होती, बूट काढून मागं उभा राहिला होता. तेव्हा ह्याला बरोबर वाचता येत होतं समोरच्याचं तोंड. ह्याची जीभ सुटते ती ठेकेदाराच्या माणसांवर, झाडूवाल्यावर, म्हाताऱ्या बाईवर. माझ्या कोमलपुढं मंत्री आला तरी ती मान फिरवील, आणि झाडूवाला आला तरी फिरवील. तिला लहानमोठं कळत नाही. साहेबाला तेवढंच कळतं.

आणि एक गोष्ट. त्या चर्चेत त्याच्या आईचं नाव कुणी काढलं नाही. तिनं वळण का नाही लावलं, असं कुणीसुद्धा विचारलं नाही. आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं.

मग मला ऑफिसात बोलावणं आलं. एचआरच्या मॅडमनी खुर्ची दिली, चहा दिला. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसले. मॅडम गोड बोलत होत्या. कोमल कशी आहे, घरी करमतं का तिला. मग मुद्द्यावर आल्या. टीव्हीवाले कॅन्टीनमध्ये येणार आहेत. कोमलला घेऊन या. साहेब तिला पेढा भरवतील. तुम्ही आई आहात, तुमचं लोक ऐकतील. मी विचारलं, मी काय बोलू?

"एवढंच म्हणा, साहेब माझ्या कोमलसारखेच आहेत. त्यांना कळत नाही, समजून घ्या."

माझंच वाक्य. पोरीसाठी जन्मभर भीक मागितलेलं. ते आता त्याला हवं होतं.

बदल्यात कोमलला पुन्हा ताटांवर घेणार होते. ठेकेदाराकडून नाही, कंपनीकडून. कायमची. माझ्यामागंही तिला कुणी काढणार नाही, असं मॅडम म्हणाल्या.

नवरा म्हणाला, म्हणून टाक की, तोंडची वाफच तर जाईल. रझियाभाभी म्हणाली, पोरीचं बघ, ते कडी लावणं तरी सुटंल. दोघांचंही खरं होतं. कडी सुटणार होती. आणि मी बोलणारच होते, हे नीट ऐका, मला कुणी फार मोठं समजू नये. आदल्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मी ते वाक्य घोकत होते.

टीव्हीवाले आले त्या दिवशी कोमलला वेणी घातली, नवा ड्रेस घातला. कॅन्टीनमध्ये पाय ठेवल्याबरोबर ती तडक मांडणीकडं गेली. खुंटीवरचं फडकं घेतलं आणि ताटं पुसायला लागली, मधले सगळे महिने गेलेच नाहीत अशी. मला भरून आलं. वाटलं, बोल बाई, काय वाट्टेल ते बोल, पण हिला इथं राहू दे.

साहेब आला. दिवे लावत होते, कॅमेरा अजून चालू झाला नव्हता. दिवेवाल्याला त्यानं आईवरून शिवी घातली. मग त्याची नजर कोमलवर गेली. मिक्सर लागला होता, ती कानाजवळ बोटं चोळत होती. साहेब बघत राहिला. मग त्यानं आपला हात कानाशी नेला, तशीच बोटं चोळली, मान तिच्यासारखी वाकडी केली आणि मॅडमला विचारलं, "असं करू का थोडं? बरं दिसेल?"

मॅडम हसल्या. तोही हसला.

माझ्या जिभेवर ते तेल पुन्हा आलं. शप्पथ सांगते, तीच चव.

दिवे लागले. पत्रकार पोरगी माझ्यापुढं माईक धरून म्हणाली, ताई, तुम्ही एक आई आहात, लोकांना काय सांगाल? साहेब शेजारी उभा होता, मान वाकडी करून, जमिनीकडं बघत. वाक्य माझ्या ओठावर होतं. मी कोमलकडं पाहिलं. ती एक ताट पुसून झाल्यावर उजेडात धरून बघत होती.

मी म्हणाले, "साहेबाला सगळं कळतं. कुणापुढं वाकायचं आणि कुणाला जमिनीवरचा पेढा खायला लावायचा, हे बरोबर कळतं. माझ्या पोरीचं नाव ह्याला लावू नका. ह्याला माज म्हणतात."

एवढंच बोलले. आवाजही चढवला नाही.

साहेबाची मान सरळ झाली. "हिला बाहेर काढा," म्हणाला. मला काढायला वेळ लागला नाही. कोमल फडकं सोडेना. दोन वॉचमननी तिच्या मुठीतून ते ओढून काढलं, आणि ती जी किंचाळली, ती गेटापर्यंत किंचाळतच होती. कामगार बघत होते. रझियाभाभी मांडणीआड तोंड लपवून रडत होती. त्या दिवशी मी कुणाचीच माफी मागितली नाही.

पुढं काही चमत्कार झाला असं वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. रात्री बातमीत माझा आवाज नव्हता. कोमलचं किंचाळणं नव्हतं. कोमल ताट पुसते आहे आणि साहेब प्रेमानं बघतो आहे, एवढंच. वर एक बाई मऊ आवाजात बोलत होती, दोघांचं जग एकच. साहेबाला तिकीट मिळालं. गावात आता कुणाचं पोरगं उलट बोललं की पोरं विचारतात, ऑटिझम झाला का रे, साहेबासारखा? मला म्हणतात, तुझी पोरगी तर व्हीआयपी आजाराची. ज्या शब्दानं मला पायरीवर रडवलं, तो आता चौकातली शिवी झाला आहे. माजोरड्यांना पांघरूण मिळालं, आणि माझ्या पोरीच्या अंगावरचं होतं तेही गेलं.

ठेकेदार ठेकेदारांना सांगतात. मला दुसऱ्या कंपनीत कुणी घेत नाही. एका मेसमध्ये पोळ्या लाटते, खोलीवर राहणाऱ्या कामगारांसाठी. कोमलला तिथं आणू देत नाहीत. कडी अजून लागते. हे लिहिताना लाज वाटते, पण लागते. आता ती दारावर हातसुद्धा आपटत नाही.

परवा खंडेनवमी झाली. मेसवाल्यानं शेगडीची, पोळपाटाची पूजा केली. त्या एका दिवसापुरतं, घरच्यांना आणा म्हणाला. कोमलला नेलं. त्याच्या भावानं पेढा तिच्या तोंडाशी नेला. कोमलनं मान झटकली. पेढा खाली पडला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ते वाक्य ऐकायला. कुणीतरी मागून म्हणालंच, वळण.

मी बोलले नाही. माझ्यामागं ह्या पोरीचं काय होणार, मला ठाऊक नाही. बहुतेक वाईटच होईल. पण ती माफी आता माझ्या तोंडून निघायची नाही. तिच्यासाठी नाही, कुणासाठीच नाही.

पेढा माझ्या पायापाशी पडला होता. मी वाकले नाही.